पाटी क्रमांक सहा

पिंपळखुट्याला शाळेच्या मैदानात
एकच निंब. त्याच्या सावलीत
शब्बीरभाईंनी बस मागे घेत घेत लावली.
जनरेटर दोनदा खोकला, मग लागला.
बाहेर चव्वेचाळीस, आत एकतीस.
पोट्टे चपला हातात घेऊन चढले,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.

'अमेरिका : सुरुवातीची दोनशे वर्षं.'
माझं भाषण अकरा मिनिटांचं, पाठ.
हा मेणबत्त्यांचा साचा.
ही फळीवरची बाराखडी, वर शिंगाचा पातळ पापुद्रा,
लेकरांच्या बोटांनी मळू नये म्हणून.
ही गोधडी, हिच्या अस्तरात
कुणाच्या तरी पत्रांचे कपटे सापडले होते.

सगळ्या नकला, हेही सांगतो.
खऱ्या वस्तू समुद्रापल्याड,
थंड खोलीत, मंद उजेडात,
पांढरे हातमोजे घालून उचलायच्या.
नकलेचं तसं नाही. ती धूळ खाते,
दारव्ह्याच्या रस्त्यावर आदळते,
बिजागरी निखळली की तार गुंडाळून पुढच्या गावी जाते.

सहाव्या काचेत यंत्र.
लाकडी खोकं, आत दातेरी रूळ, बाजूला मूठ.
पाटीवर : हातानं दिवसाला एक पौंड रुई,
यंत्रानं पन्नास.
इथं मी जरा थांबतो नेहमी,
कारण इथं कुणाला काही समजावावं लागत नाही.

"हा त रेचा व्हय."
रांगेत शेवटी बनाबाई तायडे,
शाळेची खिचडी शिजवणाऱ्या.
"आमच्या जिनात चोवीस होते एका वळीनं.
मी अकरा नंबरावर.
हे त लेकरू हाय त्याचं."
काचेवर हात टेकवला त्यांनी.
उजव्या हाताची दोन बोटं
पेरातूनच नव्हती.

"याच्यात कोनाचं बोट गेलं?"

मी पाटी पुन्हा वाचली.
शोधणाऱ्याचं नाव होतं, साल होतं,
लाकूड कोणत्या झाडाचं तेसुद्धा होतं.
पोट्टे हसले.
मग एकेक करून गप झाले.

ड्रायव्हरच्या सीटमागे, जॅकखाली दबलेला
जाडजूड कॅटलॉग. तीन वर्षांत
मी तो टेकू म्हणूनच वापरला.
पानं चिकटलेली, डिझेलचा वास.
कुण्या मालकाच्या मरणानंतरची
जिनसांची यादी, वळणदार अक्षरांत.
मी मोठ्यानं वाचत गेलो, जमेल तशा मराठीत :

रेचा, एक.
खेचरं, दोन.
तांब्याची किटली, गळकी.
हॅना, वय तिशीच्या आसपास,
रेच्यात उजवा हात गेलेला.
किंमत : काही नाही.

लिहिणाऱ्याला कुणाला जपायचं नव्हतं,
पोरांत वाटणी करायची होती फक्त.
त्या वाटणीच्या कागदावर
किटलीच्या खाली
एक नाव तेवढं वाचलं.

बनाबाई किती तरी वेळ काही बोलल्या नाहीत.
जनरेटरच तेवढा बोलत होता.
"काईच नाई?" म्हणाल्या.
"मले त दोनशे भेटले होते.
आन एक लुगडं."
मग पदरानं तोंड पुसलं,
"खिचडी लागन बाप्पा खाली," म्हणत
बसची पायरी उतरल्या.

संध्याकाळी काचा पुसल्या. नियम आहे.
सहावीवर तळवा, अंगठा, दोन बोटं,
तेही पुसलं.
मग रजिस्टर उघडलं.
'दुरुस्ती' या रकान्यात
एरवी मी बल्ब लिहितो, कडी लिहितो, पंख्याचा कंडेन्सर.
आज लिहिलं :
पाटी क्रमांक सहा अपुरी.
राहिलेली नावं, हॅना,
आणि बनाबाई तायडे, रेचा नंबर अकरा.

शब्बीरभाईंनी सही करताना वाचलं,
चष्मा कपाळावर सरकवला.
"साहेब," म्हणाले,
"याचा पार्ट कुठून मागवायचा?"